टोचलेले आणि न टोचलेले

परभणी जिल्ह्यात जिंतूर तालुक्यातील चारठाण्यास जो कोणी नवा माणूस जातो, त्यास पहिल्या तासाभरातच एक आकडा ऐकावा लागतो. ह्या गावी पूर्वी ३६० देवळे होती, असे त्यास सांगतात. सांगणारा तो आकडा आदराने सांगतो, ऐकणारा आदराने ऐकतो, आणि मग दोघे मिळून जी देवळे उरली आहेत ती पाहू लागतात. ती जुनी दगडी देवळे, ती पायऱ्यांची बारव, तो कोरीव कामाने नटलेला उंच स्तंभ, हे सारे पाहून झाले म्हणजे ३६० ही संख्या फारशी अवघड वाटत नाही. आम्हीही प्रथम ती ऐकली तेव्हा मुकाट्याने मान डोलावली होती.

शंका आली ती परतीच्या वाटेवर. ही देवळे मोजली कोणी, आणि केव्हा? नुसता चौथरा उरला असेल तर तो धरायचा की सोडायचा? एका आवारात तीन गाभारे असतील तर एक म्हणायचे की तीन? शिवाय ३६० हा आकडाही संशय यावा असाच आहे. वर्षाच्या तिथी ३६०, म्हणजे रोज एका देवळात दिवा लावला तर वर्ष भरते. विहिरींची किंवा देवळांची नेमकी हीच संख्या दुसऱ्याही गावांत अभिमानाने सांगतात. तेव्हा ही मोजणी नसून ‘पुष्कळ’ ह्या शब्दाचे ते भारदस्त रूप असावे, असे आमचे मत झाले.

पण ह्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. चारठाण्याच्या पांढरीवर कोणे काळी माणसेही राहत होती. त्यांची घरे मातीची होती, छपरे गवताची किंवा धाब्याची होती. दगड टिकला, माती वाहून गेली. आज पाहणारा केवळ टिकलेले पाहतो आणि म्हणतो, हे देवळांचे गाव होते. उलट, जे आहे परंतु दिसत नाही तेही मोजणीबाहेरच राहते. तेथील एका देवास उकंडेश्वर म्हणतात. उकिरड्याखाली देऊळ सापडले म्हणून हे नाव पडले, असे लोक सांगतात. उकिरडा उपसण्यापूर्वी ज्याने मोजणी केली असेल त्याच्या वहीत हे देऊळ नसणारच. म्हणजे एकाच गावात दोन उलट्या चुका संभवतात. टिकाऊ वस्तू जास्त भरतात, आणि झाकलेल्या कमी.

देवळांच्या संख्येत अशी चूक झाली तर कोणाचे काही बिघडत नाही. परंतु जेथे जीव जातो तेथेही माणूस असाच पाहतो, असाच मोजतो, आणि त्याच चुका करतो. आज बोलायचे आहे ते ह्याविषयी. शास्त्रीय संशोधनाचे ढोबळ मानाने दोन प्रकार आहेत. एकात संशोधक स्वतः काही करतो. अमक्यास औषध द्यावे, तमक्यास देऊ नये, हे तोच ठरवितो. दुसऱ्यात तो काही करीत नाही; लोकांनी आपापल्या मर्जीने जे केले आणि त्यांचे जे झाले, ते तो टिपून ठेवतो. ह्या दुसऱ्या प्रकारास निरीक्षणात्मक संशोधन म्हणतात. तंबाखूने काय होते, कोणत्या अन्नाने आयुष्य वाढते, ह्याविषयी रोज वर्तमानपत्रांत जे छापून येते त्यातील बराच भाग ह्याच प्रकारचा असतो. त्याचा कस कसा लावावा, ह्याची समज एका दिवसात आली नाही. तिच्या इतिहासातील एक मोठे प्रकरण आपल्याच महाराष्ट्रात घडले आहे, आणि ते फारसे सांगितले जात नाही.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी गाठीच्या तापाचा रोगी ओळखला. त्या वेळची मराठी पत्रे ह्या रोगास ग्रंथिक सन्निपात म्हणत. पुढे प्लेग हेच नाव घरोघरी झाले. रोग पुण्यास गेला, मग घाटावर पसरला, आणि निजामाच्या राज्यातही आला. परभणी जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता. ह्या साथीने पुढील वीस-बावीस वर्षांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. मराठवाड्यातील जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘प्लेगची साल’ पुष्कळ दिवस टिकून होती. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडायचे आणि रानात झोपड्या घालून राहायचे, एवढे शास्त्र त्यांना ठाऊक होते. ‘रानात गेले ते वाचले, गावात राहिले ते गेले’ हे वाक्य आम्ही ज्येष्ठांच्या तोंडून कितीदा तरी ऐकले आहे.

हे वाक्य म्हणजे एक निरीक्षणच आहे, आणि ते तपासून पाहण्यासारखे आहे. रानात कोण जाऊ शकत होते? ज्याची स्वतःची जमीन होती, घरात महिनाभराचे धान्य होते, गाडीबैल होते तो. मागे कोण राहिले? म्हातारे, आजारी, मोलमजुरीवाले, ज्यांना न्यायला कोणी नव्हते ते. मग जीव रानाने वाचविला की धान्याने? शिवाय जो घरातून निघतानाच तापला होता आणि झोपडीत मेला त्यास कोणत्या बाजूस धरायचे? हे प्रश्न कोणी विचारले नाहीत. तरीही निष्कर्ष बरोबरच होता, कारण प्लेग उंदरांच्या पिसवांतून येतो हे पॉल-लुई सिमाँ ह्याने १८९८ साली कराचीत दाखविले, आणि मुंबईतील संशोधकांनी पुढील दहा वर्षांत ते पक्के केले. उंदीर आधी पडतात आणि माणसे मागाहून, हा क्रम खेड्यातल्या बाईला दिसला होता. पुष्कळ साहेब त्या वेळी जमिनी आणि भिंती कार्बॉलिकने धूत होते. सांगण्याचा मुद्दा हा की निरीक्षण कच्चे आहे म्हणून ते खोटे ठरत नाही. ते कोठे कच्चे आहे एवढेच आपल्यास ठाऊक पाहिजे.

१८९६ च्या ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन हा गृहस्थ मुंबईस आला. ओडेसा येथे जन्मलेला, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेला हा ज्यू शास्त्रज्ञ कलकत्त्याच्या बाजूस पटकीची लस टोचीत होता. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यास जागा मिळाली, आणि तीन महिन्यांत त्याने प्लेगची लस तयार केली. १८९७ च्या १० जानेवारीस त्याने ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. हाफकिनने कैद्यांपैकी जे राजी झाले त्यांना लस टोचली. साधारण निम्मे पुढे आले, निम्मे आले नाहीत. पुढील काही दिवसांत न टोचलेल्यांपैकी १२ जणांस प्लेग झाला आणि ६ दगावले. टोचलेल्यांपैकी दोघांस झाला आणि कोणीही दगावला नाही.

हे आकडे जगभर गेले. श्रोत्यांनी क्षणभर डोळे मिटून स्वतःस विचारावे, की ह्यावर आपण लस टोचून घेतली असती काय? आमच्यापुरते बोलायचे तर घेतली असती. पण हाफकिन स्वतः तेवढ्यावर संतुष्ट नव्हता, आणि आमच्या मते त्याचा खरा मोठेपणा येथे आहे. लस काढणारे पुष्कळ झाले. स्वतःच्या लसीच्या बाजूने आलेल्या आकड्यांकडे संशयाने पाहणारे थोडे झाले.

संशय काय होता? पहिला हा की पुढे आले ते कोण? कैद्यांतही धट्टेकट्टे आणि खंगलेले असतात, समजूतदार आणि भेदरलेले असतात. कदाचित जो टोचून घेतो तो एरवीही वाचणाराच असतो. दुसरा संशय वेळेविषयी. टोचण्याच्या दिवशीच काहींच्या अंगात रोग भिनलेला होता, तीन जणांना तर गाठी आल्याच होत्या. ते धरावेत की वगळावेत? वगळले तर टोचलेल्यांचा हिशेब आपोआप सुधारतो. तिसरी अडचण तुरुंगाची. तेथे रोज कोणी सुटतो, रोज कोणी भरती होतो. तेव्हा ‘इतक्यांपैकी इतके’ म्हणताना ‘इतक्यांपैकी’ हा आकडा रोज हलतो. म्हणून हाफकिनने रोजच्या संख्येची सरासरी काढून ती धरली. चौथा संशय पाहणाऱ्याविषयी. ताप आणि किंचित सूज असलेला कैदी डॉक्टरपुढे आला, आणि त्यास टोचले आहे हे डॉक्टरला ठाऊक असले, तर ‘ही लसीचीच सूज’ असे म्हणण्याचा मोह कोणास होणार नाही? मृत्यूच्या बाबतीत असा मोह कमी, कारण मेलेला माणूस दोन्ही बाजूंना सारखाच मेलेला दिसतो.

वर्षभराने, १८९८ च्या जानेवारीत, उमरखाडीच्या तुरुंगात प्लेग आला. ह्या वेळी हाफकिनने सुमारे ४०० कैद्यांना रांगांत बसविले आणि एक सोडून एक असे टोचीत गेला. कोण धट्टा, कोण भित्रा, हे पाहिले नाही. हा साधा उपाय म्हणजे आमच्या मते त्या सबंध साथीतील सर्वांत बुद्धिमान कृती होय. न टोचलेल्यांत १० जणांस रोग झाला, ६ मेले. टोचलेल्यांत ३ जणांस झाला, मेला कोणी नाही. आकडे भायखळ्यासारखेच दिसतात, पण त्यांचे वजन निराळे आहे. पहिल्या वेळी रांग कैद्यांनी लावली होती, दुसऱ्या वेळी ती संशोधकाने लावली.

पुढील महिन्यात बडोद्याजवळील उंढेरा ह्या खेड्यात त्याने ह्याहून पुढचे पाऊल टाकले. बडोद्याचे राज्य तेव्हा सयाजीराव महाराजांचे, नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या घरातून दत्तक गेलेल्या त्या कर्त्या पुरुषाचे. गाव सुमारे हजार वस्तीचे. हाफकिन आणि त्याचा सहकारी डॉ. बॅनरमन ह्यांनी घरोघर कुटुंब समोर घेतले, आणि पुरुष, बायका, मुले, अशक्त माणसे ह्यांचे शक्य तितके सारखे दोन वाटे करून एका वाट्यास टोचले. आता दोन्ही वाटे एकाच छपराखाली, एकाच चुलीवर, त्याच उंदरांच्या सहवासात. पुढे २८ घरांत प्लेग शिरला. त्या घरांत न टोचलेले ६४ होते. त्यांपैकी २७ जणांस रोग झाला आणि २६ मेले. टोचलेले ७१ होते. त्यांपैकी ८ जणांस झाला आणि ३ मेले.

हे आकडे वाचताना आम्हांस प्रत्येक वेळी थोडे थांबावे लागते. ६४ माणसांची ती बाजू कोणीतरी ठरविली होती. एका घरात बापास टोचले आणि मुलास सोडले, दुसऱ्यात मुलास टोचले आणि आईस सोडले. लस खरोखर चालते की नाही हे त्या दिवशी कोणासही निश्चित ठाऊक नव्हते, म्हणून ते क्षम्य होते असे म्हणता येईल. तरी त्या घरांतील माणसांस दुसऱ्या दिवसापासून काय वाटले असेल, ते कोणत्याही अहवालात नाही. निरीक्षणाचा मार्ग माणसांनी शोधला त्याचे एक कारण हेच आहे. प्रत्येक प्रश्नासाठी माणसांचे असे दोन वाटे पाडता येत नाहीत. तंबाखू खा म्हणून निम्म्या गावास सांगता येत नाही. तेथे जे आपोआप घडते तेच पाहावे लागते, आणि म्हणून ते कसे पाहिले हे तपासावे लागते.

शहरांत तर आपोआप घडलेलेच पाहणे भाग होते. मुंबईत आगाखानांनी चारचौघांत टोचून घेतले आणि खोजा समाजातील पुष्कळांनी त्यांचे अनुकरण केले. हुबळीस हजारोंनी टोचून घेतले. पुण्यात मात्र हवा निराळी होती. १८९७ च्या वसंतात रँडसाहेबाच्या अमदानीत सोल्जर घराघरांत शिरले. त्या वर्षी १० मार्चला रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले ह्याच रोगाने वारल्या. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. सरकारी सुईकडे लोक कोणत्या नजरेने पाहत असतील, ते सांगावयास नको. कोण टोचून घेतो आणि कोण नाही, हे केवळ प्रकृतीवर नव्हे तर विश्वासावर, जातीवर, पुढाऱ्यावर, सरकारवरील रागावर अवलंबून होते. अशा दोन जमावांची तुलना करून लसीचा गुण सांगणे म्हणजे चारठाण्याचे दगड मोजून घरांची संख्या सांगण्यासारखे आहे.

त्यात आणखी एक बारीक फसवणूक असते. ती एका कल्पित उदाहरणाने सांगतो, कारण ती एकदा समजली म्हणजे पुढे कितीतरी बातम्यांची किंमत कळते. समजा, १०० वस्तीच्या वाडीत प्लेग आला. पहिल्या आठवड्यात लस पोहोचलीच नाही, आणि १० माणसे मेली. उरली ९०. दुसऱ्या आठवड्यात लसवाला आला आणि त्याने ५० जणांस टोचले. पण बाटलीत लस नव्हती, विहिरीचे पाणी होते. रोगाचा जोर पूर्वीइतकाच, म्हणजे दहात एक. टोचलेल्या ५० पैकी ५ मेले, न टोचलेल्या ४० पैकी ४ मेले. आता अखेरचा हिशेब मांडणारा कारकून वहीत लिहितो: टोचलेले ५०, मेले ५, न टोचलेले ५०, मेले १४. विहिरीच्या पाण्याने मृत्यू जवळजवळ तिपटीने घटविले! कारकुनाने एकही आकडा खोटा लिहिलेला नाही. पहिल्या आठवड्यातील सर्व मृत्यू न टोचलेल्यांच्या माथी पडले, कारण त्या आठवड्यात टोचलेला असा कोणी नव्हताच. टोचून घेण्याइतके जगणे हीच टोचलेल्यांत नाव लागण्याची पहिली अट होती.

ही आणि अशी आणखी कोडी सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनपुढे आली. एडिंबरोचे प्राध्यापक फ्रेझर हे त्याचे अध्यक्ष, आणि विषमज्वराच्या लसीमुळे प्रसिद्धी पावलेले आल्मरॉथ राइट हे एक सभासद. कमिशनने ठिकठिकाणचे आकडे चाळले. बहुतेक ठिकाणी लोकसंख्या नीट ठाऊक नाही, कोण गाव सोडून गेला ते ठाऊक नाही, कोणास केव्हा टोचले ते ठाऊक नाही, असे त्यांस दिसून आले. लसीने रोग होण्याचे व मरण्याचे प्रमाण निश्चित घटते, परंतु संरक्षण पुरे नाही, आणि ते नेमके किती हे ह्या आकड्यांवरून सांगता येत नाही, असा त्यांचा एकूण अभिप्राय पडला. टीकाकारांना हा अभिप्राय मिळमिळीत वाटला. आम्हांस तो प्रामाणिक वाटतो. गुण आहे असे म्हणणे आणि गुण इतका आहे असे म्हणणे ही दोन विधाने निराळी आहेत, हे त्यात कळून येते.

पुढे १९०४ साली गंमत झाली. दुसऱ्याच्या आकड्यांचा न्याय करणाऱ्या राइट ह्यांच्या स्वतःच्या लसीचे आकडे लंडनमधील गणिती कार्ल पिअर्सन ह्याच्या हाती पडले. फौजेत आपखुषीने टोचून घेणारा शिपाई मुळातच अधिक सावध, पाणी उकळून पिणारा असू शकतो, असा आक्षेप निघाला. पिअर्सनने उपाय सुचविला तो असा: टोचून घ्यावयास जे राजी होतील त्यांची यादी करा, आणि यादीतील एक सोडून एक माणसास टोचा. म्हणजे दोन्ही बाजूंना राजी असलेलेच राहतील. उमरखाडीच्या रांगा सहा वर्षांपूर्वी लागून गेल्या होत्या!

हा सर्व वाद ग्रीनवुड आणि यूल ह्या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी १९१५ साली एका निबंधात शिस्तीने मांडला. त्यात विषमज्वराबरोबर पटकीच्या लसीचेही आकडे तपासले आहेत. तुलना प्रामाणिक ठरावयाची तर टोचलेले आणि न टोचलेले सर्व महत्त्वाच्या बाबतींत सारखे हवेत. रोगाशी गाठ पडण्याचा संभव दोघांना सारखा हवा. आणि अमक्यास रोग झाला की नाही हे ठरविताना त्यास टोचले होते की नाही ह्याचा परिणाम होता कामा नये. आज निरीक्षणात्मक संशोधनाची परीक्षा घेणाऱ्या ज्या लांबलचक प्रश्नावल्या निघाल्या आहेत, त्यांचा गाभा शोधू गेल्यास ह्याच गोष्टी हाती लागतात.

त्या प्रश्नावल्यांविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल आणि कॅनडातील ओटावा येथील विद्वानांनी मिळून एक मापपट्टी केली. माणसे कशी निवडली, दोन गट तुलनेस योग्य होते का, परिणाम कसा पाहिला, ह्यांसाठी मिळून जास्तीत जास्त नऊ तारे द्यायचे. २००७ साली स्ट्रोब नावाची यादी निघाली. ती संशोधन कसे करावे हे सांगत नाही, लिहिताना काय काय उघड करावे हे सांगते. पुष्कळ लोक ह्या दोहोंची गल्लत करतात. नीट लिहिलेला अहवाल म्हणजे नीट केलेले काम नव्हे. उलट, कबुली देणारा माणूस कधी कधी लपविणाऱ्यापेक्षा वाईट दिसतो.

आणि तारे मोजण्याची पद्धत आम्हांस फारशी रुचत नाही. मराठवाड्यातील शेतकऱ्यास ह्याचे कारण चटकन समजेल, कारण आणेवारीचा अनुभव त्याच्या पाठीशी आहे. पीक किती आणे, पुढे किती पैसे, हे नजरेने ठरवावयाचे, आणि ५० पैशांच्या आत आले तर सवलती. उभ्या पिकाकडे पाहणाऱ्याच्या नजरेत सरकारचा वसूल असतो, गावकऱ्याच्या नजरेत सूट असते. पीक एकच, पैसे दोन. साताऱ्याकडील बुधचे सुपुत्र पांडुरंग वासुदेव सुखात्मे ह्यांनी ह्याच दुखण्यावर औषध शोधले. शेत चिठ्ठीने निवडावयाचे, शेतातील वाफाही तसाच निवडावयाचा, आणि तेवढे कापून तोलावयाचे. वाफा फार लहान घेतला तर कडेची ताटे आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगते, हेही त्यांनी दाखवून दिले. म्हणजे कापून तोलले तरी चूक होते. फक्त ती शोधता येते. नऊपैकी सात तारे हा अखेर नजरेचाच अंदाज. जे दोन तारे गेले ते कोठे गेले, हे बेरजेत दिसत नाही. एखाद्या अभ्यासात सर्व काही ठाकठीक असेल, आणि एकच दोष असेल की रोगी कोण हे ठरविणाऱ्यास औषध कोणी घेतले ते ठाऊक होते. त्यास आठ तारे मिळतील. आमच्या मते त्यास शून्य द्यावे लागेल असेही प्रसंग आहेत. अलीकडील पद्धतींत बेरीज सोडून प्रत्येक दोषाचा निराळा विचार करतात, हे योग्यच झाले.

हाफकिनच्या कथेचा उत्तरार्ध दुःखद आहे. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मुलकोवाल येथे १०७ जणांस टोचले, त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. ते सर्वच्या सर्व एकाच बाटलीतून टोचलेले होते. ही बाटली मुंबईच्या प्रयोगशाळेतच दूषित झाली, की खेड्यात उघडताना? चौकशीने प्रयोगशाळेवर ठपका ठेवला आणि हाफकिनला कामावरून दूर केले. एक चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो धड स्वच्छ न करता बुचास लावला होता, ही गोष्ट मागाहून पुढे आली. १९०७ साली रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स पत्रात जाहीर बाजू घेतली तेव्हा तो निर्दोष ठरला. तोवर पाच वर्षे गेली होती. ज्याने आयुष्यभर ‘कोणाशी तुलना करता?’ असे विचारले, त्याच्याच बाबतीत उरलेल्या बाटल्यांतून टोचलेल्या ८८ माणसांस काहीच का झाले नाही, हा प्रश्न पुरेशा गांभीर्याने विचारला गेला नाही. परळच्या त्या प्रयोगशाळेस १९२५ साली त्याचे नाव दिले गेले.

२०२१ साली करोनाच्या दिवसांत हेच दोन रकाने पुन्हा वर्तमानपत्रांत दिसू लागले. रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी इतके टोचलेले, इतके न टोचलेले. गावात एकंदर टोचलेले किती, त्यांची वये काय, कोणास केव्हा टोचले, हे बातमीत क्वचितच असे. काही लोक त्या आकड्यांवरून लसीची स्तुती करीत, काही त्याच आकड्यांवरून निंदा करीत. आणि रुग्णालयाच्या दारात उभे राहून गाव मोजता येत नाही, हे दोघेही विसरत. डॉ. राणी आणि अभय बंग ह्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत स्त्रियांच्या आजारांची पाहणी करून १९८९ साली जो निबंध छापला, त्याचे महत्त्व येथे आहे. दवाखान्यात आलेल्या बायका त्यांनी मोजल्या नाहीत, ते गावात गेले. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही विकार निघाला, आणि पूर्वी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. उकिरड्याखालचे देऊळ म्हणतात ते हेच.

हे व्याख्यान संपल्यावर एक वृद्ध गृहस्थ पुढे आले. त्यांनी विचारले, “त्या उंढेऱ्यात घरातले कोणते अर्धे टोचायचे, हे कोण ठरवीत होता?” आम्ही सांगितले की डॉक्टरच ठरवीत होते, वय आणि प्रकृती पाहून, वाटे सारखे पडावेत अशा बेताने. “म्हणजे चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या?” नव्हत्या. “मग ती आणेवारीच की हो!” गृहस्थ हसले, आणि जवळचे चार लोकही हसले. आक्षेप खरा होता, तो आम्ही मान्य केला. नजरेने वाटे पाडताना थोडे डावे-उजवे झाले असेल, जरा खंगलेली माणसे सोडलेल्या बाजूस गेली असतील, त्यामुळे ३ चे ५ झाले असते, फार तर ८ झाले असते. तेवढ्याने एकाच छपराखाली ३ चे २६ होत नाहीत, असे आम्ही त्यांना म्हटले. त्यांनी खिशातून कागद काढून चारही आकडे उतरून घेतले, आणि न टोचलेले ६४ की ७४ हे पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली.